मैत्रीण तुझी, घर तिच्या आईचं

अगं, तिकीट काढलंस हे फार छान केलंस. नोव्हेंबरातलं ओकायामा म्हणजे कोवळं ऊन, कोराकुएन बागेत लालबुंद झालेले मेपल आणि बाजारात पिवळीधमक पर्सिमॉनं. त्यात हॉटेलात न उतरता मैत्रिणीच्या घरी राहायला मिळतंय. फोनवर तू इतकी खुशीत होतीस की तुझं बोलणं तोडावंसं वाटेना, म्हणून हे सगळं निवांत लिहून पाठवते आहे. ओसाकाला नोकरी करत होते तेव्हा माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीचे आईवडील ओकायामालाच राहायचे आणि सुट्टी लागून आली की आम्ही दोघी तिथेच जायचो. ते घर, ते स्वयंपाकघर अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. एकेका गोष्टीवर तुझं काय होईल याची कल्पना मला येते, म्हणून आधीच सांगून ठेवते.

तुझी ही मैत्रीण तू पुण्यात पाहिलीस. वर्षभर इथे शिकायला होती, आपल्याकडे गणपतीत येऊन मोदक वळायला बसली, रिक्षावाल्याशी मराठीत भाव करायला शिकली. तिकडे गेलीस की ती तुला थोडी वेगळी दिसेल. सकाळी साडेसातला ऑफिसला निघेल, रात्री दमून येईल आणि घरात तिच्या आईची मुलगी म्हणून वावरेल. दिवसभर तुझी गाठ तिच्या आईशी. तुला जेवायला काय घालायचं, कुठे झोपवायचं, आंघोळीला कधी पाठवायचं हे सगळं ठरवणार त्या. तुझ्यासाठी पाहुण्यांची खोली त्यांनी आठवडाभर आधी आवरलेली असेल. म्हणून जे काही कळवायचं ते मैत्रिणीमार्फत त्यांच्यापर्यंत आधी पोचलं पाहिजे, आणि जपायचं ते सगळ्यात आधी त्यांना. एवढं मनात पक्कं ठेवलंस की पुढचं सोपं आहे.

पहिली गोष्ट खाण्याची. तू अंडं खातेस, मांस-मच्छी खात नाहीस. आपल्याकडे 'व्हेज' म्हटलं की संपलं, पण तिकडे तेवढ्याने भागत नाही. त्यांच्या स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी. सुकवलेल्या बोनिटो माशाचे पातळ काप पाण्यात उकळून ते पाणी गाळून घेतात. ओकायामा तर सेतो समुद्राच्या काठचं, तिथे बारक्या सुक्या माशांचीही दाशी करतात. मिसो सूपमध्ये ती, उकडलेल्या भाज्यांत ती, उदोन नूडल्सच्या रश्शात ती, अगदी गोडसर ऑम्लेटातसुद्धा ती. भांड्यात माशाचा तुकडा दिसत नाही, त्यामुळे त्या माउलीला वाटतं की आपण शाकाहारीच केलं. ती फसवत नसते, तिच्या लेखी तो मासाच नसतो. करीच्या तयार वड्या मिळतात, त्यांतही बहुधा प्राण्यांची चरबी असते, आणि जेलीत, काही पुडिंगांत जिलेटिन.

तेव्हा जायच्या महिनाभर आधी मैत्रिणीला नीट लिही: मांस नको, मासे नकोत, माशांची दाशी नको, अंडं आणि दूध चालतं. उत्तम म्हणजे काय चालतं याची यादी मोठी दे. कोंबू म्हणजे समुद्री शेवाळाची पट्टी आणि सुके शिताके मशरूम यांची दाशी अस्सल जपानीच आहे, बौद्ध मठांतला स्वयंपाक तिच्यावरच चालतो. हे सुचवलंस तर तिच्या आईला हायसं वाटेल, कारण मग त्यांना स्वतःच्याच पद्धतीने रांधता येतं. तोफू, भात, भाज्यांचा तेंपुरा मिठाबरोबर, रताळं, भोपळा, आत उमेबोशी म्हणजे खारवलेलं आंबट फळ घातलेले भाताचे गोळे. तुझी उपासमार अजिबात होणार नाही. आणि हे वेळेवर कळवणं एवढ्यासाठी महत्त्वाचं की ओकायामात खास पाहुणा आला की बाराझुशी करतात. व्हिनेगर घातलेल्या भातावर सुरमईच्या जातीचा सावारा मासा, कोळंबी, कमळकाकडी, अंड्याची झिरझिरीत पट्टी असं सगळं शोभिवंत मांडतात. सकाळपासून त्यात जीव ओतलेला असतो. ते ताट समोर आल्यावर 'मी हे खात नाही' म्हणायची वेळ दोघींवरही येऊ नये.

एवढं करूनही कधी रश्श्याला माशाचा वास आलाच तर काय करायचं? मला विचारशील तर, त्या क्षणी चेहरा न पाडता वाटी हळूच बाजूला ठेवायची आणि बाकीचं मन लावून खायचं. जेवण झाल्यावर मैत्रिणीला एकटीला गाठून सांगायचं. सगळ्यांसमोर सांगितलंस तर तिची आई रात्री झोपणार नाही. तू स्वतः काय गिळायचं आणि काय नाही, हे मात्र तुझं तू ठरव. केवळ भिडेखातर खा, असं मी तुला कधीच सांगणार नाही.

आता कागदपत्रं. पर्यटनासाठी भारतीयांना 2024 पासून ई-व्हिसाची सोय झाली आहे. ओळखीच्यांना भेटायला म्हणून अर्ज करणार असशील तर मैत्रिणीकडून निमंत्रणपत्र लागतं आणि कोणत्या दिवशी कुठे असशील याचा तक्ता जोडावा लागतो. खर्च ते करणार असं दाखवलंस तर त्यांच्याकडून हमीपत्र आणि उत्पन्नाचे कागदही मागतात. त्या वाटेला जाऊ नकोस. तुझी तू कमावतेस, बँकेचे कागद तुझेच लाव. तिच्या वडिलांना मुलीच्या मैत्रिणीसाठी उत्पन्नाचा दाखला काढायला लावणं मला पटत नाही. घराचा पत्ता मात्र जपानी लिपीतही लिहून मागव. प्रवेशाच्या फॉर्मवर कुठे राहणार ते लिहावं लागतं. शिवाय तिथे पत्त्यात रस्त्याचं नाव नसतं, गटांचे आणि घरांचे क्रमांक असतात. टॅक्सीवाल्याला तो कागद दाखवला की काम झालं.

औषधांकडेही बघ. नाक मोकळं करणाऱ्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं. दहा टक्क्यांहून जास्त असेल तर ते जपानमध्ये नेताच येत नाही, मग डॉक्टरची चिठ्ठी असली तरी. कोडीन असलेली खोकल्याची औषधंही घरीच ठेव. पट्टीच्या मागचं बारीक अक्षर वाचून घे. डॉक्टरांनी दिलेली नेहमीची औषधं महिन्याभराची, दुकानातून सहज मिळणारी दोन महिन्यांची, एवढी परवानगीवाचून नेता येतात. आणि आईने पिशवीत कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, लिंबं असं काही कोंबलं तर ते काढून ठेव. ताजी फळं-भाजी प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाही, आणि मांसाचे पदार्थ तर दुसऱ्या कोणासाठीही नेऊ नकोस.

भेटवस्तूचं तू विचारलंस. तू म्हणतेस ती पैठणी काठाची महागडी शाल नको. तिकडे मोठी भेट आली की तिच्या साधारण निम्म्या किमतीची परतभेट द्यायची रीत आहे, म्हणजे तू त्यांच्या डोक्यावर ओझं ठेवून येशील. छोटं आणि नीटनेटकं काहीतरी ने. एकेक वडी वेगळी गुंडाळलेली चिक्की सगळ्यात उत्तम, कारण शेजारी आणि ऑफिसात वाटता येते. वडिलांना संध्याकाळी बिअर घ्यायची सवय असेल तर चितळ्यांची बाकरवडी त्यांना जन्मभर लक्षात राहील. तिखट आहे हे आधी सांग म्हणजे झालं. आईसाठी इरकली कापडाची छोटी पिशवी किंवा टेबलावर घालायची पट्टी. चार नगांचा संच मात्र टाळ, चार हा आकडा तिकडे मृत्यूशी जोडलेला आहे. पाच घे किंवा तीन.

डबा दोन्ही हातांनी द्यायचा, तोही चपला काढून आत जाऊन बसल्यावर, दारात उभ्याउभ्या नाही. तो तुझ्यासमोर उघडला नाही तर आवडला नाही असं समजू नकोस. माझ्या मैत्रिणीकडे ओकासान, म्हणजे तिच्या आई, तो डबा उचलून आधी आतल्या खोलीत, लाकडी देवघरात ठेवायच्या. त्यात तिच्या आजोबांचा फोटो होता. उदबत्ती लावायच्या, पितळी वाटीवर हलकेच टोला मारायच्या, हात जोडायच्या आणि मग दुसऱ्या दिवशी तो खाऊ चहाबरोबर बाहेर यायचा. आपण पहिला पदार्थ नैवेद्याला काढून ठेवतो ना, अगदी तसं. तुझ्या मैत्रिणीकडे असं देवघर असेल आणि तुला आत बोलावलं, तर जाऊन बस आणि नमस्कार कर. कशाला हात लावायचा, कशाला नाही, हे त्या दाखवतील. त्यांच्या गेलेल्या माणसांना तू मान दिलास याचं त्यांना फार वाटतं.

घरात शिरताना दाराशी एक खालची पायरी असते. बूट तिथेच काढायचे, मोजे घातलेलं पाऊल थेट वरच्या लाकडी जमिनीवर ठेवायचं आणि वळून बुटांची टोकं दाराकडे करायची. मोजे फाटके नसावेत, हे मी तुला सांगायला हवं का? हवं. तुझे मोजे मी पाहिले आहेत. नवे चार जोड घे. आत सपाता मिळतील, त्या चटईच्या खोलीत शिरताना बाहेर काढायच्या. संडासात वेगळ्या सपाता असतात आणि त्या तिथेच राहतात. त्या घालून चुकून दिवाणखान्यात आलीस तर कोणी काही बोलणार नाही, पण सगळ्यांना दिसेल. संडासाच्या सीटशेजारी बटणांची एक पाटी असते, त्यातलं पाणी बंद करायचं बटण पहिल्याच दिवशी मैत्रिणीकडून दाखवून घे.

आणि आता आंघोळ. ही जरा सविस्तर सांगते, कारण पाहुण्या मुली सगळ्यात जास्त इथेच बावरतात. तिकडे आंघोळ रात्री. न्हाणीघरात एक खोल टब, त्यात चाळीस-बेचाळीस अंशांचं गरम पाणी आणि वर झाकण. टबाच्या बाहेर एक बुटकं स्टूल, एक छोटी बादली, शॉवर. आधी स्टुलावर बसून साबण लावून, केस धुऊन, अंगावरचा फेस पूर्ण जाईपर्यंत स्वच्छ व्हायचं. मग केस वर बांधून टबात नुसतं बसायचं. साबण नाही, अंग चोळणं नाही, पंचाही पाण्यात बुडवायचा नाही. कारण त्याच पाण्यात तुझ्यानंतर तिचे वडील, आई, ती स्वतः अशी सगळी बसणार आहेत, आणि उरलेलं पाणी बऱ्याच घरांत सकाळी कपडे धुवायला वापरतात. म्हणून निघताना बूच काढायचं नाही, झाकण पुन्हा घालून यायचं. पाहुणी म्हणून तुला सगळ्यांच्या आधी पाठवतील. एकदा 'तुम्ही आधी' म्हण, पण दुसऱ्यांदा म्हटलं की जा. तू टाळत बसलीस तर सगळं घर ताटकळतं. आणि अर्धा-पाऊण तास लोळत राहू नकोस, तुझ्यामागे तीन माणसं आहेत.

पाळीच्या तारखा त्या दिवसांत येत असतील तर टबात उतरू नकोस, नुसता शॉवर घे आणि मैत्रिणीच्या कानावर घाल. ती आईला सांगेल आणि कोणालाही त्याचं काही वाटणार नाही, तिथल्या बायकाही हेच करतात. पॅड संडासात टाकायचा नाही. कोपऱ्यात छोटा झाकणाचा डबा असेल तर त्यात गुंडाळून, नसेल तर विचार. झोपायला जमिनीवर गादी घालून देतील, तिच्यावर आपला एक गडद टॉवेल घालून झोप. सकाळी उठलीस की पांघरूण झटकून गादीची घडी घाल. भिंतीतल्या कपाटात ठेवायची की थोडी वाळू द्यायची, ते पहिल्या दिवशी बघून घे.

दिवसाचं कसं करायचं ते सांगते. मैत्रिणीला रजा काढायला लावू नकोस. तिने आपणहून एखादी काढली तर ती तुम्हा दोघींची. बाकीच्या दिवशी सकाळी नाश्ता झाला की बाहेर पड. कोराकुएनला अर्धा दिवस दे. 1700 मध्ये पुरी झालेली ती बाग आहे, मागे नदीपलीकडे काळा किल्ला दिसतो. आणि पाहताना तुला हटकून आपल्या सिंहगड रस्त्यावरची पु. ल. देशपांडे बाग आठवेल, कारण ती पुणे-ओकायामा मैत्रीची बाग कोराकुएनच्याच नमुन्यावर केली आहे. हे तिच्या आईला आवर्जून सांग, फोनमध्ये आपल्या बागेचे फोटो घेऊन जा. तिथल्या पुष्कळ लोकांना हे ठाऊक नसतं आणि ऐकून खूप आनंद होतो. दुसऱ्या दिवशी कुराशिकी. लोकलने पाव तास लागतो, कालव्याकाठची जुनी पांढरी कोठारं आहेत, 1930 साली उघडलेलं ओहारा संग्रहालय आहे. एक दिवस नाओशिमा बेट. रेल्वेच्या पासांचं तुझं तू बघशील, त्यात तू माझ्याहून हुशार आहेस.

बाहेर पडताना दोन गोष्टी सांगायच्या: किती वाजता परत येणार आणि रात्री जेवायला आहेस का. हे मोघम ठेवू नकोस. तिकडे रात्रीचं जेवण माणशी वेगवेगळ्या वाट्यांत मांडतात. भाजीचे तुकडे, तोफूचे चौकोन सगळं मोजून. आपल्यासारखं 'दोन पोळ्या जास्त लाटू' असं तिथे होत नाही. बेत बदलला तर दुपारच्या आत निरोप कर. आणि सहा म्हणालीस तर सहाला पोच. सव्वासहापर्यंत आली नाहीस तर त्या तोंडाने काही म्हणणार नाहीत, पण खिडकीशी चारदा येऊन जातील.

एखादी दुपार मात्र घरी राहा, मुद्दाम. त्या आणि तू. इंग्रजी त्यांना येत नसेल, तुझं जपानी नमस्कार आणि धन्यवादापुरतं. तरी काही बिघडत नाही. फोनवरचं भाषांतराचं ॲप टेबलावर मधे ठेवायचं, लहान लहान वाक्यं बोलायची. रात्री मैत्रीण आली की तिला जेवणभर दुभाषी करून बसवायचं नाही. ती आधीच दमलेली असते आणि दोन्हीकडचं बोलता बोलता तिचं जेवण गार होतं. दुपारचंच थोडं थोडं जमवलंस तर रात्री तिच्यावर भार पडत नाही. आपल्या घरचे फोटो ने, आईचा, आजीचा, दाराच्या रांगोळीचा. त्यांच्या लेकीचे मोदक वळतानाचे फोटो तर छापूनच ने. मुलगी परदेशात वर्षभर कशी राहिली, काय खायची, कोणाच्या घरी जायची, हे त्या आईने त्या फोटोंत पुन्हा पुन्हा पाहिलेलं मी कल्पनेनेच पाहते आहे.

बाजारात त्यांच्याबरोबर जा. पिशवी धर. पैसे द्यायला पुढे होशील तर त्या देऊ देणार नाहीत, म्हणून फळांची टोपली तू वेगळी उचल आणि वेगळे पैसे दे. ओकायामाची द्राक्षं प्रसिद्धच आहेत. राहण्याचे पैसे म्हणून पाकीट वगैरे देऊ नकोस, त्यांना ते लागेल. त्यापेक्षा शेवटच्या संध्याकाळच्या आधी सगळ्यांना बाहेर जेवायला ने, आणि बिल मैत्रिणीला सांगून आधीच भागव.

तुला काहीतरी भारतीय करून घाल असं त्या म्हणतीलच. चुलीकडे आधी बघ. इंडक्शन असेल तर बुडाला गोल असलेली कढई चालत नाही आणि ॲल्युमिनिअमची भांडी बहुतेक तापतच नाहीत. दुकानातून सीलबंद आलेल्या हळद, हिंग, जिरे यांच्या पुड्या ने, बाकी तिथे मिळतं. बटाट्याची सुकी भाजी, काकडीची कोशिंबीर, जिऱ्याचा भात. बस. दुधातली तांदळाची खीर करायचा उत्साह दाखवू नकोस, दुधातला गोड भात ही कल्पना तिथे बहुतेकांच्या पचनी पडत नाही. फोडणीआधी पंखा लाव आणि खिडकी उघड. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हळद. त्यांच्या पांढऱ्याशुभ्र प्लास्टिकच्या पाटावर, पांढऱ्या उलथन्यावर हळद लागली की पिवळा डाग जात नाही. स्टीलचा चमचा मागून घे, कापलेले बटाटे भांड्यात टाकल्यावरच हळद काढ. ओटा तू पूस, भांडी तू घास. त्या 'राहू दे' म्हणतील तरी शेजारी उभी राहून निदान पुसून दे. आणि कचरा कुठल्या डब्यात, हे विचारल्याशिवाय एकही गोष्ट टाकू नकोस. बाटलीचं झाकण वेगळं, वरचं लेबल वेगळं, दुधाचा खोका धुऊन, कापून, वाळवून. गाडीचे वार ठरलेले असतात आणि चूक झाली की पिशवी न उचलताच सोडून जातात, नाव त्या घराचं.

नाही म्हणायची तिथली रीत ओळखायला शीक. तू काही विचारलंस आणि त्यांनी मान जराशी कलती करून दातांतून श्वास आत ओढला, तर विषय तिथेच सोड. पुन्हा गळ घालू नकोस. घरातले, जेवणाचे फोटो काढायचे तर विचारून, आणि लोकांना दाखवायचे तर पुन्हा वेगळं विचारून.

घरी फोन करण्याचं आईशी बोलून ठेव. ते घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास. आई मालिका संपवून साडेनऊला फोन करेल तेव्हा तिथे रात्रीचा एक वाजलेला असेल, आणि त्या घरांच्या भिंती पातळ असतात. आपल्या दुपारी चारला बोलत जा. रात्री फोन सुरूच ठेव, कारण भूकंपाची सूचना त्यावरच येते, मोठ्ठा कर्कश आवाज होतो. घाबरून बाहेर पळू नकोस. डोकं टेबलाखाली घे आणि घरातले सांगतील तसं कर. अॅम्ब्युलन्स आणि आग यासाठी 119, पोलिसांसाठी 110. प्रवासाचा विमा काढ, दवाखान्याचा खर्च त्यांच्यावर पडू देऊ नकोस.

किती दिवस राहायचं? तू दहा रात्री म्हणते आहेस. माझं ऐकशील तर चार कर. मग हिरोशिमा, मियाजिमा असं एकटी फिरून ये आणि हवं तर परतताना एखादी रात्र पुन्हा ओकायामात काढ. दहा रात्री पाहुण्यासाठी घर सजवून ठेवणं साठीतल्या बाईला झेपत नाही, आणि ती ते तुला कळू देणार नाही. चार रात्रींनी तू निघालीस तर तिला हुरहूर लागेल. मला ते जास्त आवडेल.

एक बोलायला अवघड आहे, पण मोठी बहीण म्हणून बोलतेच. घर चांगलं आहे, माणसं चांगली आहेत, याबद्दल मला शंका नाही. तरीही कुठेही राहिलीस तरी एका हॉटेलाचं नाव आणि दोन रात्रींचे पैसे बाजूला असू दे. घरात कोणाचं वागणं खटकलं, भांडण चाललं आहे असं वाटलं, किंवा कारण सांगता येत नाही पण जीव घुसमटतो असं झालं, तर 'कामासाठी जावं लागतंय' म्हणून निघ. कोणाला काय वाटेल याचा हिशेब नंतर आपण दोघी मिळून करू. मला रात्री-अपरात्री फोन कर.

निघायच्या दिवशी चादर, उशीचा अभ्रा काढून घडी करून ठेव, खोलीतला केस न् केस उचल. एक छोटं पत्र लिहून उशाशी ठेव, इंग्रजीत चालेल, खाली नाव देवनागरीत. ती सगळी रस्त्यावर येऊन तू दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत उभी राहतील, तेव्हा कोपऱ्यावर वळून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. पुढच्या मुक्कामी पोचताच 'पोचले' एवढा निरोप कर. इथे आल्यावर पत्र आणि तिच्या आईबरोबरचा फोटो टपालाने पाठव. नव्या वर्षाची कार्डं तिकडे 1 जानेवारीला घरोघरी येतात, तेव्हा तुझं डिसेंबरच्या सुरुवातीलाच इथून निघायला हवं. आधी मैत्रिणीला विचार मात्र, त्या वर्षात घरात कोणी गेलं असेल तर ती कार्डं पाठवत नाहीत.

आता आज रात्री एवढंच कर: खाण्याचं पत्र लिही आणि पाठवायच्या आधी मला दाखव. आणि तिच्या घरचा पत्ता नि आईचा फोन नंबर माझ्याकडे पाठवून ठेव. मोजे मी उद्या लक्ष्मी रोडला जाते आहे तेव्हा घेईन, तू नको घेऊस.